नाव घेतलं की मरतो

परग्रहावरच्या शत्रूंची नावं कोण ठेवतं, हा प्रश्न मला लग्नाआधी कधी पडला नव्हता. लग्नानंतर सहा वर्षांनी पडला, कारण ते काम माझ्याच गळ्यात आलं. पुण्याची एक लहानशी कंपनी मोबाईलवरचे खेळ मराठीत आणायची आणि मी बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बसून त्यांच्यासाठी भाषांतर करायची. तोवर माझ्या वाट्याला फळं कापायचे नाहीतर गाड्या पळवायचे खेळ येत. त्यांत 'छान' आणि 'पुन्हा प्रयत्न करा' यापलीकडे डोकं चालवावं लागत नसे. गेल्या हिवाळ्यात मात्र अंतराळातला खेळ आला. कुठल्याशा दूरच्या ताऱ्यापाशी माणसांची शेवटची वस्ती आणि तिच्यावर चालून येणारे चाळीस जातींचे शत्रू. त्या चाळिसांची इंग्रजी यादी वाचली आणि वाटलं, लिहिणाऱ्याचं स्वरांशी वाकडं असावं.

प्रत्येक नावात एक तरी एक्स, निम्म्यांत झेड, आणि मध्येच वर लटकलेला एक स्वल्पविराम, तिथे शत्रूला उचकी लागल्यासारखा. मूळ लेखकाचा एक नियमही माझ्या लक्षात आला. जे आपल्या बाजूचे, त्यांच्या नावांत ल, म आणि न. जे वाईट, त्यांच्यात ख, ग आणि झ. एखादा बिचारा ख घेऊनच जन्माला आला तर त्याला सुधारायला वावच नाही. मी एकेक नाव देवनागरीत तीन-तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. जोडाक्षर आलं की कंपनीचं सॉफ्टवेअर त्याचे तुकडे करून पाय मोडून ठेवी, त्यामुळे शत्रू पडद्यावर यायच्या आधीच त्याचं नाव घायाळ. मग मी सुचवलं, आपल्याकडे ळ आहे, तो साहेबाच्या सात पिढ्यांना जमायचा नाही, तो वापरू. "ळ फार गोड वाटतो," पुण्याची ताई फोनवर म्हणाली. ही ताई वयानं माझ्याहून लहान, पण कामात वरची म्हणून ताई. शिवाय आमच्या गावात ळ टिकतही नाही, त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. कितीही भयंकर ळ आणला तरी आमच्या वेशीत शिरेपर्यंत तो गरीब होऊन जातो.

खरी अडचण मात्र पुढेच होती. ह्या खेळातली बंदूक बोटानं चालत नव्हती, तोंडानं चालत होती. शत्रू समोर आला की त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव बरोबर निघालं की तो फुटायचा. चुकलं की बंदूक थंड. मूळ नावांतली दोन-चार मी घरात मोठ्यानं म्हणून पाहिली, तर सासूबाई लगबगीनं पाण्याचा गडवा घेऊन आल्या. मी पुण्याला कळवलं की ही नावं घेऊन होईपर्यंत शत्रू वस्ती गिळून ढेकर देईल. ताईनं वरच्यांना विचारलं आणि निरोप आणला: "मग तुम्हीच नवी ठेवा. दोन-तीन अक्षरी, एकमेकांत न मिसळणारी, लांबून हाक मारता येतील अशी."

लांबून हाक मारता येतील अशी नावं शोधायला मला घराबाहेरही पडावं लागलं नाही. माझं ऑफिस म्हणजे आमची कापसाची खोली. भाव चढायची वाट पाहत कापूस छताला भिडेपर्यंत भरून ठेवलेला, आणि त्यात एक कोपरा उकरून माझं टेबल. अंगाला खाज सुटायची, पण घुमणारा आवाज कापूस सगळा पिऊन टाकायचा, त्यामुळे फोनवर माझा आवाज इतका स्वच्छ जाई की ताईनं एकदा विचारलं होतं, कुठला स्टुडिओ वापरता म्हणून. खोलीची खिडकी गल्लीवर उघडते. दिवसभर तिथून हाका ऐकू येत, आणि त्या सगळ्या गावातल्या पुरुषांच्या घरच्या नावानं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. आईनं लाडानं ठेवलेलं आणि मग गावानं घासून घासून दोन अक्षरांवर आणलेलं. ह्या बांधावरून त्या बांधावर पोचेल एवढंच त्यातलं शिल्लक राहतं. सुनेनं ही नावं तोंडानं घ्यायची नसतात. टाइप करायला हरकत नाही, असा नियम मी माझ्यापुरता करून टाकला.

मग तर मला चेवच आला. मारला की एकाचे दोन होणारा एक शत्रू होता, त्याला वाटण्या झालेल्या दोन भावांपैकी थोरल्याचं नाव दिलं. जमिनीतून निघून वस्तीभोवती दोन फेऱ्या मारून नुसता बसणारा एक होता, त्याला बरोब्बर चहाच्या वेळेला उगवणाऱ्या शेजाऱ्याचं. दुसऱ्यांची लढाई आटोपली की मग छाती काढून पुढे येणारा एक होता. त्याच्यासाठी गावात दोन-तीन उमेदवार होते, मी त्यातल्या त्यात वयानं मोठा निवडला. माझा नवरा राजूरला कोळशाच्या खाणीवर कामाला असतो आणि आठवड्यातून एकदा घरी दिसतो. त्याचं लहानपणीचं नाव मी एका गायब होणाऱ्या जातीला दिलं. ही नावं मी इथे लिहीत नाही. खेळात गेली तेवढी पुरेत.

चाळिसावा शत्रू सगळ्यांत मोठा. तो पाठलाग करत नाही, हल्लाही करत नाही. वस्तीच्या तोंडाशी बसून राहतो, आणि तो उठेपर्यंत आतलं काही हलत नाही. हे वर्णन वाचताना माझी नजर ओसरीकडे गेली. तिथे बाबा, म्हणजे माझे सासरे, बसले होते. टीव्हीचा रिमोट एका मांडीखाली, विहिरीवरच्या मोटरची किल्ली खिशात, आणि घरातलं प्रत्येक काम त्यांच्या 'हूं'साठी थांबलेलं. त्या सकाळीच ते सासूबाईंना म्हणाले होते, "कापसात बसून हवेसंगं बोलते, याले का काम म्हन्तेत?" त्यांचं आईनं ठेवलेलं नाव मला ठाऊक होतं. दिवाळीत त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि यवतमाळला चार दिवस भरती करावं लागलं, तेव्हा मुकुटबनहून त्यांची थोरली बहीण आली आणि खाटेशी बसून त्या नावानं त्यांना बोलावत रडली. एरवी ते नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. मी ते चाळिसाव्या रकान्यात टाकलं आणि फाइल पाठवून मोकळी झाले.

पुण्यात नावं फार आवडली. "किती वेगळी आहेत, कुठून सुचतात?" ताई म्हणाली, आणि मी विनयानं गप्प राहिले. चित्रांवर नावं चढली, गोष्ट सांगणाऱ्या नटाचा आवाज भरून झाला, नावं कायमची झाली. आणि मग मेल आला. तरुण पोरांचे आवाज मशीनला समजतात. खेड्यातल्या, पन्नाशीपुढच्या बायकांचे समजत नाहीत. तेव्हा अशा दहा बायकांना खेळवून त्यांचे आवाज पाठवा. त्यांतल्या निदान एकीनं चाळीसच्या चाळीस शत्रू एका दमात संपवले पाहिजेत. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मराठी वगळू, खेळ फक्त हिंदीत काढू. सहा वर्षांत मी 'पुन्हा प्रयत्न करा'शिवाय जगाला काही दिलं नव्हतं. ही चाळीस नावं माझी होती, आणि ती मला हवी होती.

बुधवारी दुपारी सासूबाईंनी आळीतल्या आठ जणी गोळा केल्या. त्या कापसावर ऐसपैस बसल्या, सुपारी फिरली. मी खेळ समजावून सांगितला: हा समोर आला की मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचं, नाव घेतलं की तो मरतो.

"हे तं आमाले आंधीच मालूम हाय," त्यांतली एक म्हणाली. "म्हनून तं घेत नाई."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. सासऱ्याचं किंवा भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचं, घेतलं तर वर पापही लागतं. हे ह्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. आणि मी गावातल्या चाळीस पुरुषांची नावं उचलून, त्यांना मारायची बंदूक त्यांच्याच बायकांच्या, भावजयांच्या आणि सुनांच्या हातात दिली होती. पुण्यातल्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी इथेच सासर असावं लागतं.

पहिला शत्रू आला आणि त्याच्या डोक्यावर नाव उमटलं. फोन हातात होता तिनं ते वाचून पदर तोंडाला लावला. "बाई वं, हे तं माह्ये भासरे होत." फोन दुसरीकडे गेला, तिचे ते मामेसासरे. तिसरी त्याची बायकोच. तिनं त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि म्हणाली, "दिसते बी तसाच." तोवर त्यानं वस्ती खाल्ली. तासाभरात त्यानं ती सात वेळा खाल्ली.

"काहून वं, हे नावं कोनं ठेवले?" सासूबाईंनी मला विचारलं.

"पुण्याहूनच आली तशी," मी म्हणाले. त्या घरात मी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हे, पण सगळ्यांत कच्चं होतं.

गुरुवारी याडी आली. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची ही सासूबाईंची मैत्रीण. दोघी तीस वर्षं एकमेकींच्या वावरात कापूस वेचायला जातात. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि आमचं अख्खं गाव तिला तेच म्हणतं. आमच्या गावातला एकही पुरुष तिच्या सासरचा नाही. तिनं चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि सुरुवात केली. काय तो आवाज. गावातली मोठमोठी मंडळी ती एकामागून एक उडवत होती आणि त्यांच्या बायका कापसावर लोळून हसत होत्या. चहाच्या वेळेला शेजारी आलाच. गल्लीत स्वतःचं नाव ऐकून थबकला, पाठोपाठ स्फोट ऐकला आणि आल्या पावली परत गेला. एकोणचाळीस संपवून याडीनं चाळिसावं नाव वाचलं आणि फोन सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मार नं," मी म्हणाले. "एकच राहिला."

"मी कायले मारू? हा हिचा हाय."

"अगं, खोटं असतं ते."

"खोटं असो का खरं. मैतरनीच्या कुकवाले मी हात नाई लावत."

मी पुष्कळ समजावलं, याडी बधली नाही. दिवाळीत दवाखान्यात चारही दिवस सासूबाईंच्या शेजारी तीच बसली होती.

मी ताईला फोन केला. नावं आता बदलता येणार नव्हती, पण प्रत्येक शत्रूला एक दुसरी हाक जोडता येत होती. "बायका त्यांना एरवी काय म्हणतात?" तिनं विचारलं. शुक्रवारची सकाळ मी त्या हाका जमवण्यात घालवली. मोठीचे बाबा. वरल्या आळीचे. चष्म्यावाले. एक जण नवऱ्याला 'ऐकलं का' म्हणते. तो शत्रू आता 'ऐकलं का' म्हटल्यावर फुटतो. एक भासरे नुसतेच 'ते' होते. ताईनं 'ते' घ्यायला नकार दिला, कारण मराठीत कुठलंही वाक्य बोललं तरी बंदूक उडाली असती. त्यांना 'ते मोठे' करून मिटवलं. एवढं झाल्यावर मग कुणाची भीड राहिली नाही. दुपारपर्यंत दहाही जणींचे आवाज भरून झाले. याडीखेरीज एका दमात एकोणचाळीसपर्यंत पोचल्या त्या फक्त सासूबाई, आणि तिथे अडल्या.

चाळिसाव्याला दुसरी हाक देता येत नव्हती. त्याचं खरं नाव शोधणं हीच मुळात खेळाची गोष्ट. तिथे पर्याय चालवून घ्यायला परदेशातली मूळ मंडळी तयार नव्हती.

"तसंबी मी त्याईले हाक मारतच नाई," सासूबाई म्हणाल्या. "दारात जाऊन उभी रायतो. नाई पाह्यलं तं भांडं आपटतो."

बायका घरोघर गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघीच. मला मध्येच सुचलं की उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, त्यानं आयुष्य कमी होत नाही. सासूबाईंना ते पटलं. त्यांनी पदर सावरला, फोन ओवाळणीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरला आणि बसल्या जागी कपाशीचाच उखाणा केला: "पऱ्हाटीच्या वावरात सरीमागं सरी, अमुकरावांचं नाव घेतो, सर बाजूला वैऱ्या, जाऊ दे घरी." 'अमुक'च्या जागी त्यांनी नाव घेतलं, पण ते दाखल्यावरचं, लग्नात घेतलेलं. मशीननं 'कळले नाही' म्हटलं. वैरी होता तिथेच बसून राहिला.

"राहू द्या, आई," मी म्हणाले. "मी कळवते त्यांना." हे बोलताना मी टेबलावरची चाळीस नावांची यादी उलटी करून ठेवली, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"मंग काय होईन?"

"हिंदीत निघेल."

"हिंदीत मारता येते याले?"

"येतं. तिथे त्याचं नाव वेगळं आहे."

त्यांनी पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे नाव त्या पुन्यावाल्याईले कसं मालूम, पोरी?"

मी मान खाली घातली. "मी दिलं."

"मले वाटलंच." त्या रागावल्या नाहीत. पडद्यावर वस्तीच्या दारात बसलेल्या त्या धुडाकडे पुन्हा एकदा पाहून तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग हसू ओसरलं. "दिवाळीत दवाखान्यात ते नर्स मले विचारे, पेशंटचं नाव काय. मी याडीकडं पाहो. याडी सांगे. मले वाटे, आता म्या घेतलं अन् काई झालं तं?"

त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते माझ्या चावटपणामुळे होतं. मी फोन बंद करायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. उठल्या, ओसरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी वर पाहिलं. "वावरात कोनाचे तरी ढोरं घुसले म्हन्तेत," त्या म्हणाल्या. बाबा कुरकुरत उठले, काठी घेतली आणि गेले. सासूबाई परत आल्या, त्यांनी दार लोटलं आणि कडीही लावली.

"वावर दूर हाय," त्या मला म्हणाल्या. "तठलोक नाई पोचत."

पहिल्यांदा त्यांनी नाव ओठांतल्या ओठांत घेतलं. 'आवाज ऐकू आला नाही,' मशीन म्हणालं. दुसऱ्यांदा थोडं वर. पुन्हा तेच. मग त्यांनी डोळे मिटले, फोन तोंडाशी आणला आणि ह्या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी हाक मारली. पडद्यावर तो एवढा थोरला शत्रू एकदम उजेड होऊन फुटला, वस्ती मोकळी झाली, आणि आवाज भरला गेल्याची हिरवी खूण आली. खेळ आता मराठीतही निघणार होता. त्याकडे पाहायला आम्हाला सवड मिळाली नाही, कारण बाहेरून उत्तर आलं.

"ओ. आलो."

वेशीपाशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून बाबा परत फिरले होते. तो 'ओ' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आईनं बोलावल्यावर खेळात रमलेली पोरं विचार न करता देतात तसा तो होता. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी कडी काढली. बाबा एका हातात चप्पल घेऊन दारात उभे होते.

"छातीत दुखते का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई तं. हाक कोनं मारली?"

"हिनं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मान डोलावली. चाळीस जणांना नावं ठेवल्यावर एवढं तर माझ्याकडे लागतच होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे बघत राहिले.

"माय गेल्यापासून ह्या घरात या नावानं कोनं बलावलं नाई," ते मला म्हणाले. "काई होत नाई मले. तिले म्हना, आनखी एक डाव हाक मार."

सासूबाई फोन माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "पयल्यापासून लाव."

बाबा आत आले आणि चप्पल बाजूला ठेवून कापसावर बसले. आधीचे एकोणचाळीस संपायला अर्धा तास लागतो. ते थांबले.